घरातील खाऱ्या पाण्याची प्रवाळ-टाकी : निगा, मोजमापे आणि नियम

बेंगळुरू शहराच्या जुन्या वसाहतींपैकी एक असलेले चामराजपेट १८९२ साली वसविण्यात आले. म्हैसूरचे महाराज दहावे चामराजेंद्र वाडियार यांच्या नावाने ते ओळखले जाते. पूर्व किंवा पश्चिम किनारा येथून सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर आहे आणि समुद्रसपाटीपासून या परिसराची उंची सुमारे नऊशे मीटर आहे. अशा ठिकाणी काचेच्या टाकीत समुद्रातील मासे व प्रवाळ जगवावयाचे असतील, तर समुद्राच्या पाण्याचा प्रत्येक लिटर घरातच तयार करावा लागतो.

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली समुद्राच्या काठावरच उभारण्यात आले. किनाऱ्यापासून दूर असलेल्या हौशी मत्स्यपालकाला ही सोय नसते. त्यामुळे प्रवाळ-टाकीचे आरोग्य महागड्या उपकरणांपेक्षा पाण्याच्या स्थैर्यावर अधिक अवलंबून असते. खुल्या समुद्रात तापमान व लवणता फार हळू बदलते. दोनशे लिटरच्या टाकीत तोच बदल एका दुपारीत घडू शकतो आणि प्रवाळ तो सहन करू शकत नाहीत.

पाणी कसे तयार करावे

बेंगळुरूला नळाने मिळणारे पाणी प्रामुख्याने कावेरी नदीचे असून ते सुमारे शंभर किलोमीटर अंतरावरून उपसून आणले जाते. अनेक घरांत त्याला कूपनलिकेच्या पाण्याची जोड असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन तसेच कूपनलिकेच्या पाण्यातील नायट्रेट व सिलिकेट टाकीला अपायकारक ठरतात. नळजोडणीतून पाण्यात उतरणारे तांबे अत्यल्प प्रमाणातही कोळंबी, शंख व प्रवाळ यांना मारक असते.

म्हणून पाणी प्रथम आरओ यंत्रातून व त्यानंतर विआयनीकरण करणाऱ्या राळेतून गाळून घ्यावे. विद्राव्य घटक मोजणाऱ्या मापकावर अशा पाण्याची नोंद शून्य आली पाहिजे. पिण्याच्या पाण्यासाठी घरी बसविलेली अनेक आरओ यंत्रे चवीसाठी पाण्यात पुन्हा क्षार मिसळतात. असे पाणी या कामास योग्य नसते.

स्वयंपाकाचे मीठ वापरून समुद्राचे पाणी तयार होत नाही. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के वाटा सोडियम व क्लोराइड यांचा, तर उरलेला सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आदींचा असतो. प्रवाळाचा सांगाडा घडतो तो या उरलेल्या भागातील कॅल्शियममधून. त्यासाठी सागरी टाकीकरिता तयार केलेले क्षारमिश्रणच वापरावे. मिश्रण शुद्ध पाण्यात थोडेथोडे टाकून सुमारे एक दिवस पंपाने ढवळत ठेवावे. तापमान व लवणता टाकीतील पाण्याशी जुळल्यानंतरच ते टाकीत सोडावे.

आरओ यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळताना त्याहून अधिक पाणी बाहेर टाकले जाते. २०२४ सालच्या उन्हाळ्यात बेंगळुरूमध्ये तीव्र पाणीटंचाई निर्माण झाली होती आणि गाडी धुणे, बागेला पाणी घालणे यांसाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घालण्यात आली होती. हा अनुभव लक्षात घेता यंत्रातून बाहेर पडणारे पाणी साठवून फरशी पुसण्यास वा स्वच्छतागृहात वापरणे योग्य ठरते.

पहिले सहा आठवडे

टाकी भरताच मासे सोडणे ही नवशिक्या पालकांची नेहमीची चूक होय. माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये, तर दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू खडकांवर व वाळूत पुरेशा संख्येने स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात अमोनियाचा अल्प पुरवठा करून चाचणी संचाने नोंदी घ्याव्यात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्यावर प्रथम एखाददुसरा मासा सोडावा. प्रवाळांसाठी त्यानंतरही काही महिने थांबणे हिताचे असते.

मोजमापे

स्थिरावलेल्या प्रवाळ-टाकीत पुढील मर्यादा सर्वसाधारणपणे योग्य मानल्या जातात.

तापमान : २४ ते २७ अंश सेल्सिअस
लवणता : हजारी ३५ भाग (सापेक्ष घनता १.०२५ ते १.०२६)
सामू (पीएच) : ८.१ ते ८.४
अल्कता : ८ ते ९ डीकेएच
कॅल्शियम : लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम
मॅग्नेशियम : लिटरला १२५० ते १३५० मिलिग्रॅम
अमोनिया व नायट्राइट : शून्य
नायट्रेट : लिटरला २ ते १० मिलिग्रॅम
फॉस्फेट : लिटरला ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम

यांतील एखादा आकडा किंचित कमी-अधिक असला, तरी तो स्थिर असेल तर प्रवाळ त्याच्याशी जुळवून घेतात. तो दुरुस्त करण्यासाठी एकाच दिवशी मोठी मात्रा देणे अधिक घातक ठरते. अल्कतेतील बदल दिवसाला एक डीकेएचपेक्षा कमी ठेवावा.

बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मात्र मागे राहतात. दोनशे लिटरच्या टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडून गेले आणि ते भरून काढले नाही, तर आठवड्याच्या अखेरीस लवणता ३५ वरून सुमारे ३९ पर्यंत पोहोचते. ही घट खाऱ्या नव्हे, तर शुद्ध गोड्या पाण्याने रोज भरून काढावी. याशिवाय दर आठवड्याला एकूण पाण्याच्या सुमारे दहा टक्के पाणी बदलावे. दोनशे लिटरच्या टाकीसाठी याचा अर्थ वीस लिटर पाणी व सुमारे पाऊण किलो क्षारमिश्रण असा होतो.

उंची, उन्हाळा आणि वीज

बेंगळुरूच्या उंचीचा टाकीवर होणारा परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. येथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे दहा टक्क्यांनी कमी असल्याने पाण्यात विरघळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी असतो. २५ अंश तापमानाच्या खाऱ्या पाण्यात समुद्रसपाटीवर लिटरला सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. चामराजपेटमध्ये ही मर्यादा सहा मिलिग्रॅमच्या आसपास येते. पाणी तापले की ती आणखी घटते. त्यामुळे माशांची संख्या मर्यादित ठेवणे आणि पाण्याचा पृष्ठभाग सतत हलता ठेवणे येथे अधिक आवश्यक ठरते.

मार्च ते मे या महिन्यांत शहराचे कमाल तापमान ३३-३४ अंशांवर जाते. एप्रिल २०१६ मध्ये ते ३९ अंशांच्या पुढे गेले होते. दिवे व पंप यांच्या उष्णतेची त्यात भर पडते. पृष्ठभागावरून पंख्याचा झोत सोडल्यास पाणी दोन-तीन अंशांनी थंड होऊ शकते. मात्र त्यामुळे बाष्पीभवन वाढते आणि गोडे पाणी अधिक भरावे लागते. डिसेंबर-जानेवारीतील थंड रात्रींसाठी तापमान-नियंत्रक असलेला हीटर ठेवावा.

रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते आणि पहाटेपूर्वी पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी होतो. अशा वेळी वीज गेल्यास काही तासांत मासे दगावण्याचा धोका असतो. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तयार ठेवणे हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे. विजेची सर्व उपकरणे गळतीरोधक खटक्यावर जोडावीत. जोडवायरीला खटक्याच्या पातळीखाली झोळ द्यावा, म्हणजे थेंब खटक्यापर्यंत पोहोचत नाहीत. खडक व चौथऱ्यासह दोनशे लिटरच्या टाकीचे वजन तीनशे किलोग्रॅमच्या घरात जाते. जुन्या घराच्या माडीवर ती ठेवण्यापूर्वी जाणकाराकडून भारक्षमतेची खात्री करून घ्यावी.

प्रकाश, आहार आणि रोग

उथळ समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशापासून अन्न तयार करते व त्याचा मोठा हिस्सा प्रवाळाला मिळतो. म्हणून निळ्या छटेचा पुरेसा प्रकाश रोज आठ ते दहा तास ठरावीक वेळी द्यावा. तापमान नेहमीच्या उन्हाळी मर्यादेपेक्षा एक-दोन अंशांनी वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो व पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. विरंजित प्रवाळ लगेच मरत नाही. तापमान वेळीच सावरल्यास तो पूर्वपदावर येऊ शकतो.

मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील इतकेच अन्न द्यावे. जास्तीचे अन्न कुजून फॉस्फेट वाढवते आणि खडकांवर हिरवे शैवाल माजते. सेंद्रिय मळ फेसावाटे बाहेर काढणारे प्रोटीन स्किमर हे यंत्र उपयुक्त असले, तरी ते अतिरिक्त आहाराची भरपाई करू शकत नाही.

नवीन मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत विलगीकरणात ठेवावा. सागरी माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी मुख्य टाकीत शिरल्यास सर्व मासे बाहेर काढून ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते. त्यावरील तांब्याचे औषध प्रवाळांना मारक असल्याने मुख्य टाकीत वापरता येत नाही.

काही झोअँथिड जीवांत पॅलिटॉक्सिन हे अतितीव्र विष असते. असे जीव असलेले खडक उकळू नयेत, घासू नयेत किंवा उघड्या हाताने हाताळू नयेत. हातमोजे व चष्मा वापरावा. अशा खडकाची वाफ श्वासात गेल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

कायदा काय सांगतो

सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे तसेच समुद्रघोडे यांचा समावेश २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. या अनुसूचीतील प्राण्यांसंबंधीच्या गुन्ह्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. मृत प्रवाळाचे तुकडेही संरक्षणाच्या कक्षेत येतात. अधिनियमातील २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आली. आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या यादीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांना त्यानुसार नोंदणी करावी लागते. त्यासाठीचे नियम २०२४ साली प्रसिद्ध झाले.

या संरक्षणाची व्याप्ती मुंबईच्या उदाहरणावरून ध्यानी येते. किनारी रस्त्याच्या बांधकामात वरळी व हाजीअली येथील प्रवाळांच्या वसाहती आढळल्या. शासकीय प्रकल्प असूनही वन विभागाची परवानगी घेऊनच २०२० साली त्या अन्यत्र हलविण्यात आल्या. मालवणच्या किनाऱ्यावरून, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आठवण म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही याच कायद्याच्या कक्षेत येतो.

म्हणून घरगुती टाकीसाठी समुद्रातून काढलेल्या खडकाऐवजी सिरॅमिकचा वा कृत्रिम खडक वापरावा. कठीण प्रवाळांच्या खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी आणि विक्रेत्याकडून जीवाच्या उगमाची लेखी कागदपत्रे घ्यावीत. विदूषक माशांचे प्रजनन भारतात बंदिस्त पाण्यात यशस्वी झाले असून केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम केंद्राने त्याचे तंत्र विकसित केले आहे. असे संवर्धित मासे टाकीतील आहार व वातावरण सहज स्वीकारतात आणि समुद्रातील साठ्यावर त्यांचा भार पडत नाही. चांगली निगा राखल्यास विदूषक मासा वीस वर्षांहून अधिक काळ जगू शकतो.

हौस आवरती घ्यावयाची झाल्यास

टाकी बंद करताना त्यातील मासे, शैवाल वा खडक समुद्रात किंवा तलावात सोडू नयेत. १९८४ साली भूमध्य समुद्रात मोनॅकोजवळ आढळलेले कॉलेर्पा जातीचे शैवाल मत्स्यालयातून निसटल्याचे मानले जाते. पुढे ते तळावर दूरवर पसरले. टाकीतील जीव दुसऱ्या अनुभवी पालकाकडे सोपविणे हाच सुरक्षित मार्ग होय.

लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत व्यापक विरंजन सोसले आहे. चौथी जागतिक विरंजन-घटना सुरू असल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर करण्यात आले. समुद्रातच प्रवाळ संकटात असताना घरातील टाकीत दगावलेल्या जीवाच्या जागी समुद्रातून दुसरा आणणे समर्थनीय ठरत नाही. रोज पाच मिनिटे निरीक्षण, आठवड्यातून एकदा मोजमाप आणि त्याची वहीत नोंद एवढी शिस्त पाळणे शक्य नसेल, तर गोड्या पाण्यातील मत्स्यपालनाचा पर्याय निवडणे अधिक योग्य ठरेल.