कॉल सेंटरमधील दस्तऐवज स्वयंचलन

कॉल सेंटरमधील दस्तऐवज स्वयंचलन म्हणजे ग्राहकांचे दूरध्वनी हाताळणारी संगणकप्रणाली आणि कागदपत्रांतील मजकूर वाचून त्यातून हवी ती माहिती वेगळी काढणारी प्रणाली यांना परस्परांशी जोडण्याची पद्धत होय. विमा, बँकिंग, दूरसंचार, आरोग्यसेवा इत्यादी क्षेत्रांत ग्राहकाच्या संभाषणाची नोंद एका प्रणालीत, तर त्याने पाठविलेली देयके, अर्ज व दाखले दुसऱ्याच ठिकाणी असतात. जोडणी नसल्यास ग्राहकाला तीच माहिती पुन्हा पुन्हा सांगावी लागते आणि कर्मचाऱ्याला ती हाताने टंकित करावी लागते. जोडणीमुळे हा श्रम वाचतो. मात्र वाचनातील चूकही तितक्याच वेगाने पुढे जाते. त्यामुळे पडताळणी हा या पद्धतीचा अविभाज्य भाग मानला जातो.

पार्श्वभूमी

या पद्धतीतील तिन्ही तंत्रे स्वतंत्रपणे विकसित झाली. येणारे दूरध्वनी मोकळ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे आपोआप वळविणारी यंत्रणा १९७० च्या दशकात विमान कंपन्यांच्या आरक्षण कक्षांत रुळली. पुढे दूरध्वनी व संगणक यांची सांगड घातली गेली आणि फोन करणाऱ्याच्या क्रमांकावरून त्याची नोंद कर्मचाऱ्याच्या पडद्यावर उघडणे शक्य झाले.

छापील अक्षरे ओळखण्याच्या तंत्राला, म्हणजेच ओसीआरला, याहून जुना इतिहास आहे. त्यातील टेसरॅक्ट ही प्रणाली ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत १९८५ ते १९९४ या काळात तयार झाली. २००५ मध्ये ती मुक्त स्रोत म्हणून खुली करण्यात आली व २००६ पासून गूगलने तिच्या विकासाला पाठबळ दिले. मराठीसह अनेक भाषांसाठी ती उपलब्ध आहे. अक्षरे ओळखण्याच्या पुढे जाऊन 'हा देयक क्रमांक, ही तारीख, ही रक्कम' असा अर्थ लावणाऱ्या सेवा नंतर आल्या. २०१८ मध्ये जाहीर झालेली ॲमेझॉन टेक्स्ट्रॅक्ट ही त्यांपैकी एक आहे.

निरनिराळ्या सॉफ्टवेअरांना जोडण्यासाठी पूर्वी प्रत्येक वेळी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे. २०११ मध्ये सुरू झालेल्या झॅपियरसारख्या सेवांनी तयार जोडण्या उपलब्ध करून दिल्याने प्रोग्रॅमिंग न जाणणाऱ्यांनाही कामांची साखळी आखता येऊ लागली. या साखळीला कार्यप्रवाह किंवा वर्कफ्लो असे म्हणतात.

कार्यपद्धती

कार्यप्रवाहाची सुरुवात एखाद्या घटनेने होते. उदाहरणार्थ, वाहनविम्याचा दावा करणारा ग्राहक गॅरेजचे देयक ईमेलने पाठवितो. त्यानंतरचे टप्पे साधारणतः पुढीलप्रमाणे असतात:

१. ईमेल येताच जोडलेला कागद दस्तऐवज-वाचन प्रणालीकडे जातो.
२. ती प्रणाली पॉलिसी क्रमांक, वाहन क्रमांक, तारीख व रक्कम वेगळी काढते.
३. काढलेली मूल्ये ठरावीक नियमांवर तपासली जातात.
४. पॉलिसी क्रमांकावरून ग्राहकाची नोंद शोधून माहिती त्याच्या तक्रारीला किंवा दाव्याला जोडली जाते.
५. एखादे कागदपत्र कमी असल्यास ग्राहकाला फोन करण्याचे काम कॉल सेंटरच्या यादीत टाकले जाते.
६. ग्राहकाने स्वतः फोन केल्यास ही सर्व माहिती कर्मचाऱ्याच्या पडद्यावर दिसते.

दोन प्रणालींमधील देवाणघेवाण सामान्यतः एपीआयद्वारे होते. नवी घटना घडताच एका प्रणालीने दुसरीला आपणहून कळविण्याच्या पद्धतीला वेबहुक म्हणतात. नेटवर्कमधील अडथळ्यामुळे वेबहुकचा एकच निरोप दोनदा पोहोचू शकतो. तसे झाल्यास एकाच दाव्याच्या दोन नोंदी होतात आणि ग्राहकाला दोन वेगवेगळे कर्मचारी फोन करतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक निरोपाला स्वतंत्र ओळखक्रमांक देऊन तो आधी हाताळला आहे काय, हे पाहिले जाते. अयशस्वी ठरलेली कामे गहाळ होऊ नयेत म्हणून ती वेगळ्या रांगेत ठेवली जातात.

पडताळणी

दस्तऐवज-वाचन प्रणाली प्रत्येक मूल्यासोबत आपल्या खात्रीचे प्रमाण दर्शविणारा गुणांक देते. गुणांक ठरावीक मर्यादेखाली असल्यास तो कागद माणसाकडे तपासणीस पाठविण्याची प्रथा आहे. परंतु हा गुणांक अचूकतेची हमी नव्हे. चुकीचा अंकही पूर्ण खात्रीने वाचला जाऊ शकतो. म्हणून माहितीच्या अंगभूत रचनेचा आधार घेतला जातो:

• आधार क्रमांकाच्या १२ अंकांपैकी शेवटचा अंक व्हरहॉफ पद्धतीने काढलेला तपासणी अंक असतो. एखादा अंक चुकल्यास किंवा शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाल्यास चूक लक्षात येते.
• बँकशाखेच्या ११ वर्णांच्या आयएफएससी संकेतांकात पाचवे स्थान नेहमी शून्याचे असते. तेथे इंग्रजी 'ओ' वाचला गेल्यास तो निश्चितपणे दुरुस्त करता येतो.
• पॅन क्रमांकात पाच अक्षरे, चार अंक व एक अक्षर असा क्रम असतो.
• देयकातील बाबींची बेरीज एकूण रकमेशी जुळावी लागते.

नावे, तारखा व पत्ते यांना असा आधार नसतो. तेथे कॉल सेंटरची एक जमेची बाजू उपयोगी पडते: कागदाचा मालक फोनवर प्रत्यक्ष उपलब्ध असतो. कर्मचाऱ्याने मूल्य वाचून दाखवून ग्राहकाची संमती घेणे ही साधी, पण परिणामकारक तपासणी ठरते. त्यासाठी कोणती माहिती यंत्राने वाचली आहे आणि कोणती माणसाने तपासली आहे, हे पडद्यावर स्पष्ट दिसणे आवश्यक असते. हा भेद दिसत नसल्यास कर्मचारी यंत्राची चूक अधिकृत नोंद म्हणून ग्राहकाला सांगतो आणि तिचा प्रतिवाद करण्याचा भार ग्राहकावर येतो.

मराठी कागदपत्रे

देवनागरीतील अक्षरे शिरोरेखेने जोडलेली असल्याने ती सुटी करणे रोमन लिपीपेक्षा अवघड जाते. जोडाक्षरे, वर-खाली लागणाऱ्या मात्रा व अनुस्वार यांमुळे त्यात भर पडते. धूसर छायाप्रतीत अनुस्वार निसटणे किंवा १ व ९ या अंकांत गल्लत होणे संभवते. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर व आर यांत नोंदलेले असते. तेथे '०.८० हेक्टर' या नोंदीतील दशांशचिन्ह निसटल्यास दोन एकरांच्या आसपासची जमीन ८० हेक्टर वाचली जाते. अशा नोंदीसाठी शक्य क्षेत्राची कमाल मर्यादा ठरवून ठेवणे उपयुक्त असते.

जुन्या पीडीएफ कागदांची अडचण वेगळी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो रोमन अक्षरांचा निरर्थक समूह असतो. असा मजकूर थेट न उचलता पानाचे चित्र करून त्यावर ओसीआर चालविणे किंवा विशिष्ट फॉन्टसाठीचा परिवर्तक वापरणे भाग पडते.

गोपनीयता व कायदा

माहिती अनेक प्रणालींतून प्रवास करीत असल्याने तिच्या प्रती ठिकठिकाणी उरतात. भारताच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाला ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. एखाद्या व्यक्तीवर परिणाम करणाऱ्या निर्णयासाठी तिची माहिती वापरली जाणार असल्यास ती पूर्ण, अचूक व सुसंगत असल्याची खात्री करण्याची जबाबदारी हा कायदा माहिती हाताळणाऱ्या संस्थेवर टाकतो. व्यक्तीला आपल्या माहितीत दुरुस्ती मागण्याचा हक्क त्यात आहे. संमतीसाठीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील, म्हणजे मराठीसह, कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्यायही त्यात आहे.

अनावश्यक माहिती साखळीत येऊच न देणे हा सर्वांत सुरक्षित उपाय समजला जातो. पूर्ण क्रमांकाची गरज नसल्यास आधारचे केवळ शेवटचे चार अंक दर्शविणारी प्रत स्वीकारता येते.

मर्यादा

हस्तलिखित अर्ज, घडी पडलेली कागदपत्रे आणि सतत बदलणारे नमुने यांच्या वाचनात चुकांचे प्रमाण वाढते. एका प्रणालीतील रकान्याचे नाव बदलल्यास संपूर्ण साखळी कोलमडू शकते, किंवा न कोलमडता रिकामी मूल्ये पुढे पाठवीत राहते. दुसरा प्रकार उशिरा लक्षात येत असल्याने अधिक घातक ठरतो. यास्तव मंजूर झालेल्या कागदांपैकी काही नमुने नियमितपणे मूळ प्रतींशी ताडून पाहिले जातात. दावा नाकारणे किंवा सेवा बंद करणे यांसारखे निर्णय साखळीवर न सोपविता माणसाकडे ठेवणे इष्ट मानले जाते.

हे सुद्धा पहा

• कॉल सेंटर
• प्रकाशीय अक्षर ओळख
• युनिकोड
• देवनागरी
• माहितीची गोपनीयता