ब्रेकची झीज (मोटारगाडीतील)

चाकांचा वेग घर्षणाने आवरावयाचा आणि घर्षणाबरोबर क्षय हा यावयाचाच, म्हणून ब्रेकच्या यंत्रणेत एक घटक केवळ झिजण्यासाठीच योजलेला असतो. डिस्क ब्रेकमध्ये त्यास पॅड म्हणतात, ड्रम ब्रेकमध्ये लायनर. पॅड झिजत जातो तसा कॅलिपरमधील दट्ट्या तितकाच पुढे सरकून राहतो व पेडलची उंची जवळपास कायम राहते. त्यामुळे ज्या पायावर चालकाची सारी भिस्त असते, त्यासच ही झीज सर्वांत उशिरा उमगते, आणि तपासणीचे काम कानांकडे व डोळ्यांकडे सोपवावे लागते.

कित्येक पॅडांना पोलादाची एक बारीक पट्टी जोडलेली असते. पॅड झिजत आला की ती डिस्कला घासून शिट्टीसारखा तीक्ष्ण आवाज करते. या इशाऱ्याकडे काणाडोळा केल्यास पुढे धातूवर धातू घासल्याची खरखर सुरू होते आणि पॅडच्या खर्चात डिस्कच्या खर्चाची भर पडते. मात्र पावसाळ्यात रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची सकाळची घरघर बहुधा डिस्कवरील पातळ गंजाची असते व दोन-चारदा ब्रेक दाबताच नाहीशी होते. तेवढ्यावरून गॅरेज गाठण्याचे कारण नाही.

नवा पॅड साधारणतः 10 मिलिमीटर जाड असतो. तो 3 मिलिमीटरांवर आला की बदलणे इष्ट. चाकाच्या फटीतून दिसतो तो बहुधा बाहेरचा पॅड. कॅलिपरच्या पिना जाम झाल्या असल्यास आतला त्याच्या कितीतरी आधी संपलेला असतो, म्हणून चाक उतरवल्यावाचून दिलेला निर्वाळा ग्राह्य धरू नये. पॅड झिजतात तशी टाकीतील ब्रेक ऑइलची पातळीही हळूहळू उतरते. गळती नाही याची खातरजमा झाल्यावर ती उतरलेलीच राहू द्यावी. ऑइल भरून ती वर आणणारा मेकॅनिक, हेतू कितीही चांगला असो, झिजेचा एक पुरावाच पुसून टाकतो, आणि पुढे नवे पॅड बसवताना दट्ट्या मागे रेटला की तेच ऑइल टाकीबाहेर सांडून रंग खाते.

खंडाळ्याच्या घाटासारख्या लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास पातळ पॅडमधून उष्णता ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, पण हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असल्याने कालांतराने तो 140 अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळून नळ्यांत वाफ साठली की ती दाबाखाली आक्रसते व पेडल फळीला टेकते. यास्तव उतारावर खालचा गिअर घालणे आणि ऑइल सुमारे दोन वर्षांनी बदलणे, यांत हयगय होऊ नये.

पॅड वा लायनर एकाच चाकाचे बदलू नयेत. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदमच बदलावेत, एरवी गाडी एका बाजूस ओढते. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असल्यामुळे त्यांची भुकटी हवेच्या झोताने कदापि उडवू नये. नवे पॅड बसल्यावर गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे, कारण मागे रेटलेले दट्ट्ये पुढे येईतो पहिला ब्रेक रिकामाच जातो.