न पाहिलेल्या चिमणरावाची आठवण

चिं. वि. जोशी यांच्या विनोदावरचा तास आम्ही दोघे, एक पेणला आणि एक रोह्याला, गेली अनेक वर्षे घेत आलो आहोत. तास सुरू करण्याची आमची एक ठरलेली रीत होती. पुस्तक उघडण्याआधी दूरदर्शनवरील ‘चिमणराव’ मालिकेचा विषय काढायचा, दिलीप प्रभावळकरांच्या चिमणरावाची आणि बाळ कर्वे यांच्या गुंड्याभाऊची थोडी नक्कल करायची आणि मुले हसली की पाठाकडे वळायचे. ऑगस्ट २०२५च्या अखेरीस, ऐन गणेशोत्सवात, बाळ कर्वे निवर्तले. सुटीनंतरच्या तासाला रोह्याच्या वर्गात त्यांच्याविषयी भरभरून बोलणे झाले. तेव्हा एका विद्यार्थिनीने अगदी निरागसपणे विचारले, ‘‘सर, ही मालिका तुम्ही कधी पाहिलीत?’’

प्रश्न साधा होता. पण उत्तर देता येईना. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. ‘चिमणराव’ आला त्या दशकाच्या अखेरीस, कृष्णधवल काळात, आपल्या जिल्ह्याचे नाव अजून कुलाबा होते तेव्हा. आमच्यातील थोरल्याचा जन्म १९७८चा, धाकट्याचा १९८२चा. थोरल्याने घरी जाऊन आईला विचारले. ती म्हणाली, ‘‘अरे, आपल्याकडे टीव्ही आला तो रामायणाच्या वेळी. चिमणराव मी पाहिला, तुझ्या मामाकडे, गिरगावात. तू पाळण्यात होतास.’’

म्हणजे ज्या आठवणीच्या बळावर आम्ही इतकी वर्षे वर्गात हशा पिकवला, ती आमची नव्हतीच. पुढे केव्हातरी दाखवलेले एखाददुसरे तुकडे आम्ही पाहिले असतील, वडीलधाऱ्यांच्या गप्पा ऐकल्या असतील, पुस्तक तर पाठच होते. या सगळ्यांतून मनाने एक संध्याकाळ रचली : ओसरीवर दाटीवाटीने बसलेली माणसे, लाकडी पेटीतला टीव्ही आणि गुंड्याभाऊच्या सोट्याचा आवाज. त्या संध्याकाळी आम्ही तेथे नव्हतो, एवढाच तिच्यातला दोष.

आईची आठवण तरी अस्सल म्हणावी, तर तिच्या वडिलांना प्रभावळकर फारसे पटत नसत असे तीच सांगते. त्यांचा चिमणराव दामुअण्णा मालवणकरांचा. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा चिमणराव होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. कृष्णधवल टीव्हीवर गिरगावातली मंडळी खळखळून हसत असताना आजोबा म्हणे ‘‘दामुअण्णांची सर नाही’’ म्हणून पुटपुटत. आणि त्याही आधी, १९३०च्या दशकात, ज्यांनी चिमणराव छापील पानावरच पाहिला, त्यांच्यातल्या कोणाला दामुअण्णा खटकलेच नसतील असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. प्रत्येक पिढीची हळहळ मागच्या पिढीच्या नव्या सोयीसाठी असते. हे ध्यानात आल्यावर आम्हांला आमच्याच हळहळीचे हसू आले.

पण हसण्यावारी नेऊन भागत नाही. साहित्याच्या अभ्यासकाला पाठशुद्धीचे काम परिचित असते. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती हाती पोथ्या होत्या म्हणून. पोथ्यांत पाठभेद होते, पण पोथ्या होत्या. दूरदर्शनच्या आरंभकाळाची पोथी कोठे आहे? टेपा महाग असत, एका टेपेवरचे पुसून तिच्यावर दुसरे ध्वनिमुद्रित करण्याचा रिवाज होता आणि कित्येक कार्यक्रम तर थेटच प्रक्षेपित होत. असे बरेच काही कायमचे गेले. हा दोष केवळ आपल्याकडचा नव्हे. बीबीसीनेही ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे १९६०च्या दशकातील कितीतरी भाग पुसून टाकले. त्यांतले नऊ २०१३ साली हाती आले ते नायजेरियात पडून राहिलेल्या प्रतींमुळे. आपल्या मालिकांच्या प्रती परदेशी जाण्याचे कारण नव्हते. त्यामुळे आपल्याकडे पुसले ते पुसलेच. संहिता नाहीशी झाली की मागे टीकाच उरते, आणि ती टीका म्हणजे आमच्यासारख्यांच्या आठवणी, ज्यांची विश्वासार्हता वर सांगितलीच आहे.

पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत याचे एक वेगळेच रूप दिसते. ‘जय मल्हार’ मालिका २०१४ साली सुरू झाली आणि मल्हाररूपातले गणपती मागितले जाऊ लागले. पुढे बाहुबलीच्या रूपातले आले. धर्मनिष्ठ मंडळींनी नाके मुरडली, तशी आम्हीही मुरडली होती. मूर्ती विसर्जित होते, मालिका संपते, पण साचा कारखान्याच्या फळीवर राहतो. दूरदर्शनच्या टेपांचे असे साचे कोणी ठेवले असते तर! (पेणच्या कारागिराला हे सांगितले तर तो म्हणेल, जागा लागते साहेब. खरे आहे, कपाटात जागा नसणे हे इतिहासाच्या ऱ्हासाचे एक प्रमुख कारण आहे.)

‘रामायण’ मात्र आम्ही खरोखर पाहिले. २५ जानेवारी १९८७पासून ३१ जुलै १९८८पर्यंत रविवारी सकाळी आळीतल्या त्या एका घरासमोर चपलांचा ढीग पडे. मार्च २०२०च्या टाळेबंदीत ती मालिका पुन्हा लागली तेव्हा आम्ही मोठ्या उत्सुकतेने बसलो. तिसऱ्या दिवशी धाकट्याला पेंग आली. प्रसंग संथ, बाणांची टक्कर भाबडी. मग लक्षात आले की आम्हांला आठवत होते ते चपलांचे ढीग, वीज जाण्याची धास्ती आणि कौलांवर चढून अँटेना फिरवणारा शेजारचा दादा. पडद्यावर काय होते ते आम्ही जवळजवळ विसरलो होतो.

यंदा नक्कल बंद केली आहे. त्याऐवजी वर्गाला सांगितले की घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला पहिल्या टीव्हीविषयी विचारा आणि तो सांगेल ते जसेच्या तसे, त्याच्याच बोलीत, वहीत उतरवा. दुरुस्ती करू नका. त्या विद्यार्थिनीची वही पहिली आली. तिचे आजोबा रोह्याजवळच्या खेड्यातले शेतकरी. चिमणराव त्यांना मुळीच आठवत नाही. आठवतो तो ‘आमची माती आमची माणसं’मधला भातावरच्या करप्याविषयीचा एक भाग, कारण त्याच साली त्यांच्या खाचरात करपा पडला होता आणि सांगितलेले औषध आणायला ते पेणपर्यंत गेले होते.