खाजगी वृक्ष आणि राज्यसत्ता : आज्ञापत्र ते १९७५ चा अधिनियम

अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना रयतेच्या आंब्या-फणसांस हात लावण्याची मनाई केली; झाड जीर्ण असल्यास धन्यास राजी करून, मोल देऊनच ते तोडावे, असे बजावले. तेथे राज्याची कुऱ्हाड रोखून मालकाची संमती राखली गेली. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ ने हे नाते उलटविले. स्वतःच्या अंगणातील झाड तोडण्यासाठी मालकालाच परवानगीचा अर्ज करावा लागू लागला. दोहोंना एकाच पर्यावरणनिष्ठ परंपरेत बसविण्याची प्रथा म्हणूनच तपासून पाहावयास हवी. २०२१ च्या दुरुस्तीने तर ५० वर्षे वा अधिक वयाची झाडे ‘प्राचीन वृक्ष’ ठरविली आणि मालकीचा युक्तिवाद आणखी क्षीण केला.