चांदा की चंद्रपूर? साठवलेल्या टपालातील शोधाची गोष्ट

१/ पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात छापले गेले. बाकीच्यांसाठी रुमाल सोडा आणि वाचत बसा!

२/ ई-मेलचा आरंभही अशाच रुमालाने झाला. युनिक्स संगणकांवर एका व्यक्तीची सारी पत्रे एकाच फाइलमध्ये एकाखाली एक जोडली जात. एखादा शब्द शोधायचा तर संगणक पहिल्या पत्रापासून अखेरपर्यंत सर्व वाचून काढी. पत्रे दसपट झाली की वेळही दसपट.

३/ यावरील उपाय संगणकाहून कितीतरी जुना आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली डोमिनिकन संन्याशांनी लॅटिन बायबलची शब्दसूची रचली. आधी शब्द, पुढे तो कोठे कोठे येतो त्या जागा. ई-मेलची अनुक्रमणिका हेच करते. पत्र येताच त्यातील शब्द सुटे होतात आणि प्रत्येक शब्दापुढे त्या पत्राचा क्रमांक लागतो. ‘जंगल’ आणि ‘सागवान’ असे दोन शब्द दिले, तर दोन याद्यांतील समान क्रमांक तेवढे काढायचे. पत्रे उघडावी लागत नाहीत. कार्ल वर्थ यांचे ‘नॉटमच’ (२००९) याच तत्त्वावर चालते. नवे टपाल आले की सूचीत फक्त त्याचीच भर पडते.

४/ पत्रे आणि सूची दोन्ही स्वतःच्या संगणकावर असल्याने शोधाला इंटरनेट लागत नाही. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटतो, तेव्हा या सोयीचे मोल कळते.

५/ खरी अडचण मराठीत येते. ‘चांदा’ शोधले, पण पत्रात ‘चांद्याहून’ लिहिलेले असेल तर? सामान्यरूप न ओळखणाऱ्या सूचीच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. ‘चंद्रपूर’ आणि ‘चंद्रपुरात’ यांचीही तीच गत. ‘चांद’ एवढ्याच आरंभावर शोधले, तर चांदवड आणि चांदोबाही हजर होतात!

६/ त्यातच नाव बदललेले. लूसी स्मिथ यांचा १८६९ चा जमाबंदी अहवाल ‘चांदा’ जिल्ह्याचा आहे. गडचिरोली स्वतंत्र जिल्हा झाला १९८२ मध्ये. जुन्या अहवालांचे उतारे मेलमध्ये जपणाऱ्या अभ्यासकाने केवळ ‘चंद्रपूर’ शोधले, तर क्षणार्धात उत्तर येईल : एकही पत्र नाही. म्हणून जुनी आणि नवी नावे एकमेकांशी जोडणारी यादी त्याला स्वतःच करावी लागते. त्या यादीत ‘चांदा’ला आजचेही पत्ते द्यावे लागतील, रेल्वेचे चांदा फोर्ट स्थानक आणि भद्रावतीचा आयुध कारखाना अजून तेच नाव वापरतात.