काठमांडूच्या गायरानाचा इंटरनॅशनल एअरपोर्ट कसा झाला? आणि एका धावपट्टीवर अख्खा देश का अडकलाय?

१९४९ साली काठमांडूत मोटारी होत्या, पण काठमांडूला मोटारीने जाता येत नव्हतं. कारण रस्ताच नव्हता. राणा घराण्याच्या गाड्या हमालांनी खांद्यावर घेऊन डोंगर ओलांडून शहरात आणल्या होत्या. अशा शहरात रस्त्याच्या आधी विमान पोहोचलं.

२३ एप्रिल १९४९. भारताचे राजदूत सुरजितसिंह मजीठिया यांचं चार सीटचं बीचक्राफ्ट बोनान्झा विमान काठमांडूत उतरलं. जागेचं नाव होतं 'गौचर'. म्हणजे आपल्याकडचं गायरान. गुरं चरायची तेच मैदान. भारतीय सीमेला जोडणारा त्रिभुवन राजपथ पूर्ण झाला तो १९५६ मध्ये.

१९५५ मध्ये राजे महेंद्र यांनी विमानतळाचं उद्घाटन करून त्याला वडील त्रिभुवन यांचं नाव दिलं. गवताच्या धावपट्टीच्या जागी काँक्रीट आलं. १९६४ मध्ये नावात 'आंतरराष्ट्रीय' जोडलं गेलं आणि १९६७ मध्ये लुफ्थान्साचं बोईंग ७०७ हे पहिलं जेट इथे उतरलं.

आता मुख्य अडचण. काठमांडू हे डोंगरांनी वेढलेलं खोरं आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,३४० मीटरवर. दक्षिणेकडून येणाऱ्या विमानाला आधी डोंगररांग ओलांडावी लागते आणि लगेच नेहमीपेक्षा तीव्र उतारानं खाली यावं लागतं. १९९२ मध्ये याची भीषण किंमत मोजावी लागली. ३१ जुलैला थाई एअरवेजचं विमान डोंगरावर आदळलं, ११३ जण गेले. दोनच महिन्यांत, २८ सप्टेंबरला पाकिस्तानच्या पीआयएचं विमान कोसळलं, १६७ जण गेले. तोवर इथे रडारच नव्हतं! ते जपानच्या मदतीनं नंतर बसलं.

भारतीयांना हा विमानतळ आठवतो तो वेगळ्या कारणानं. २४ डिसेंबर १९९९ ला हायजॅक झालेलं आयसी-८१४ इथूनच निघालं होतं.

पण एकाच धावपट्टीवर विसंबून राहणं म्हणजे काय, हे २०१५ नं दाखवलं. ४ मार्चला दाट धुक्यात टर्किश एअरलाइन्सचं एअरबस ए३३० धावपट्टीवरून घसरलं. आतले सगळे वाचले, पण विमान तिथेच रुतलं. ते हलवायची यंत्रणा नेपाळकडे नव्हती. भारतीय हवाई दलानं खास सामग्री पाठवली, तरी आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुमारे चार दिवस बंद होती. पुढच्याच महिन्यात, २५ एप्रिलला भूकंप झाला. जगभरातून मदतीची विमानं आली ती याच पट्टीवर. गर्दी इतकी की काही विमानांना घिरट्या घालून परत फिरावं लागलं. धावपट्टीला तडे जाऊ लागले तेव्हा अवजड विमानांना मनाई करावी लागली. ढिगाऱ्याखाली माणसं आणि दार एकच.

या दारातून फक्त गिर्यारोहक आणि पशुपतिनाथाचे भाविक जात नाहीत. (मंदिर विमानतळाला अगदी लागून आहे, महाराष्ट्रातून जाणाऱ्यांना हे माहीत असेल.) आखाती देश आणि मलेशियात कामाला जाणारी नेपाळी पोरं इथूनच निघतात. त्यातल्या काहींच्या शवपेट्याही इथेच उतरतात.

मग दुसरा विमानतळ का नाही? आहेत की. २०२२ मध्ये भैरहवाचा गौतम बुद्ध विमानतळ सुरू झाला, १ जानेवारी २०२३ ला पोखराचा. पण आंतरराष्ट्रीय विमानं तिकडे फारशी वळलीच नाहीत. भारताच्या हवाई हद्दीतून आणखी मार्ग मिळावेत ही नेपाळची मागणी जुनी आहे. निजगढला मोठा विमानतळ बांधायची योजना होती, पण त्यासाठी प्रचंड जंगल तोडावं लागणार होतं. २०२२ मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

त्यामुळे जुन्या गायरानाचीच डागडुजी चालू आहे. नोव्हेंबर २०२४ पासून टॅक्सीवे वाढवण्यासाठी विमानतळ काही महिने रोज रात्री १० ते सकाळी ८ बंद ठेवला. दिवसा मात्र विमानं पुन्हा त्याच एका पट्टीवर, एकामागोमाग.