वळणारा आस

बैलगाडीला एकच आस असतो, म्हणून ती सहज वळते. एकामागे एक असे तीन आस घट्ट बसवले तर?

हाच प्रश्न रेल्वेपुढेही होता. वेळापूर परिसरातल्या जुन्या माणसांना पंढरपूरची 'बार्शी लाईट' आठवत असेल. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनियरची ही ७६२ मिलिमीटर मापाची रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९०६ साली पंढरपूरला पोचली. कोणत्याही आसावर ५ टनांहून जास्त भार नको, हे त्याचे सूत्र होते. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ चालले.

१९०७ साली सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गासाठीही इंजिनाचा आराखडा काल्थ्रॉपचाच. माप ६१० मिलिमीटर, चढ २० फुटांना १ फूट. चढायला पकड हवी, म्हणून इंजिनाला तीन चालक आस. पण ते कायम समांतर राहिले तर तीव्र वळणावर चाके रुळांना घासणार.

जर्मनीच्या ओरेनस्टाईन-कोपेल कारखान्याने बांधलेल्या या इंजिनांत 'क्लीन-लिंडनर' रचना होती. पुढचा व मागचा आस पोकळ. त्याच्या आत भरीव आस, दोघांना मध्यभागी गोल सांध्याने जोडलेले. भरीव आस सरळ राहून फिरवी. चाके बसवलेला पोकळ आस वळणाप्रमाणे तिरपा होई.

खांद्याचा उखळीचा सांधा मुलांना दाखवा. कल्पना लगेच समजेल.